कोटातला कापूस

सासऱ्यांच्या कोटात कापूस भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिवणाचं मशीन फक्त मला चालवता यायचं. बहात्तरच्या दुष्काळातली दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सासूबाई कोट हातावर टाकून माझ्या खोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "खांद्यात आणि छातीवर थोडं भरून दे. बाहेरून टाका दिसायला नको."

मी का म्हणून विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पण हे वाचणाऱ्याला ते ठाऊक नाही, म्हणून आधी घर सांगते, मग घराचे नियम, आणि मग आजार.

घर नगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात, भर पेठेत. खाली बँक, वर आम्ही. आजेसासऱ्यांची आधी पेढी होती. पुढे त्यांनी गावातली चार माणसं जमवून तिची रीतसर बँक केली. त्यांच्यानंतर सासरे, आणि सासऱ्यांनंतर आमचे हे, असं यांच्या बारशालाच ठरलेलं. कागदावर बँक सहकारी. सभासद, संचालक मंडळ, निवडणूक सगळं होतं, फक्त अध्यक्षपदाला दुसऱ्या कुणाचा अर्ज कधी आला नाही. गाव सासऱ्यांना अध्यक्ष म्हणत नसे, मालक म्हणे.

माझं माहेर कोल्हारचं. प्रवरेच्या काठावर वाढलेली मुलगी मी, घरापासून नदीपर्यंत चालत कधी गेलेच नाही, पळतच जायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माहेरी जायची एस.टी. चुकेल म्हणून मी पेठेतून पळाले. यांनी मागून हाक मारली नाही की थांबवलं नाही. पण परत आल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं.

"आपल्या घरातलं कुणी धावत नाही," त्या म्हणाल्या.

"पण एस.टी. सुटत होती, आई."

"सुटू द्यायची. दुसरी येते. तू पळालीस तेव्हा निदान तीन दुकानदार ओट्यावर येऊन उभे राहिले. तुला दिसले नाहीत. मला वरून दिसले."

मग त्यांनी मला ती हकिकत सांगितली. आजेसासऱ्यांच्या काळात घरातलं एक लग्न परगावी होतं. वऱ्हाडाच्या बैलगाड्या उजाडायच्या आत भरून निघाल्या. ट्रंका, वळकट्या, भांडी. कुणीतरी ते पाहिलं आणि म्हणालं, बँकवाले चालले. बँक उघडायच्या वेळेला मारुतीच्या देवळापर्यंत रांग लागली होती, प्रत्येकाच्या हातात पावती. आजेसासऱ्यांनी खुर्ची उचलून रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत ठेवली आणि तिथे बसले. तिथेच चहा घेतला, तिथेच जेवले, न्हाव्याला बोलावून दाढीही तिथेच केली. मागेल त्याला देत राहिले. दोन-तीन दिवसांनी लोक शांत झाले, नेलेले पैसे घेऊन परत आले. खुर्ची मात्र तिथून हलली नाही. तेव्हापासून घरच्या कर्त्या माणसाने रोज त्या खिडकीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं.

बाकीचे नियमही त्या रांगेतून आले. सगळं घर एका वेळी गाव सोडत नाही. घरातलं कुणी दिवसाउजेडी मोठी बॅग घेऊन बाहेर पडत नाही, बॅग दुसऱ्या कुणाच्या हाती आधी जाते. सोनाराच्या दुकानाची पायरी चढायची नाही, बांगडी चेपली तरी नगरला जाऊन नीट करून आणायची. आणि काहीही झालं तरी रडण्याचा आवाज खिडकीबाहेर जाऊ द्यायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. सासूबाईंना त्यांच्या सासूने सांगितले, मला त्यांनी.

मला तेव्हा हे सगळं अति वाटलं होतं. यांनी मला हिशेबाच्या भाषेत समजावलं. लोकांचा पैसा बँकेत असतो म्हणजे तिजोरीत नसतो. तो कुणाच्या विहिरीत असतो, कुणाच्या दुकानात, कुणाच्या पिठाच्या गिरणीत. सगळे एकदम मागायला आले तर कुठलीच बँक तो देऊ शकत नाही. म्हणून सगळ्यांनी एकदम येऊ नये, एवढंच पाहायचं. ते पाहायचं काम आमच्या घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांनी तीन पिढ्या केलं.

आता आजार.

सासऱ्यांचा आवाज त्या पावसाळ्यात बसला. पावसाळा म्हणायचा, पाऊस नव्हताच. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं दावणीवरून सोडून द्यायची वेळ आली होती, आणि रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळत होती. आवाज बसला तो धुळीने, असं सगळ्यांनी धरून चाललं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग घास अडकायला लागला. भाकरी दुधात कुस्करून, मग पेज, मग पेजही गाळून. सासरे डोळे मिटून गिळायचे. गिळून झालं की डोळे उघडून आमच्याकडे बघायचे, आम्ही बघितलं का ते बघायला.

नगरच्या डॉक्टरांनी घशात बघितलं आणि यांना बाजूला घेऊन सांगितलं, पुण्याला न्या, वेळ घालवू नका. तिथे किरणांचा शेक देतील, जमलं तर कापतील. महिना-दोन महिने राहावं लागेल.

त्याच संध्याकाळी वरच्या खोलीत बोलणं झालं. सासरे, सासूबाई, हे आणि मी.

"बाबा, परवा निघू," हे म्हणाले.

सासरे हसले. हसण्याचाही आवाज येत नव्हता. "परवा बाजार आहे."

"मग तेरवा."

"अरे, चाऱ्यासाठी, दाण्यासाठी लोक थोडं थोडं काढतायत. ते बरोबरच आहे, त्यासाठीच ठेवलेलं असतं. पण या साली मी दोन महिने खिडकीत दिसलो नाही तर?"

"मी बसतो ना."

"तू बसलास की ते धरतील, मालक गेले." ते पुन्हा हसले. "मग माझं तेरावंच करावं लागेल तुला, मी जिवंत असताना."

मी म्हणाले, "मामंजी, लोकांना खरं सांगितलं तर?"

ते माझ्यावर कधी रागावले नाहीत, तेव्हाही रागावले नाहीत. "सूनबाई, खरं सांगायला माझी ना नाही. पण ते या ओट्यावरून त्या ओट्यावर जाईपर्यंत त्याचं काय होतं, ते मी लहानपणी पाहिलंय. पाऊस पडू दे. पिकं उभी राहू देत. लोक सावरले की जाऊ."

दुसऱ्या संध्याकाळी सासूबाई कोट घेऊन आल्या.

तो उघड्या गळ्याचा, करड्या रंगाचा कोट. सासरे धोतरावर रोज तोच घालत. पूर्वी तो त्यांना बेताचा व्हायचा, आता खांद्यावरून लोंबत होता. मी अस्तर उसवलं, जुन्या उशीतला कापूस पिंजून पातळ थर दिला, वरून उभे-आडवे टाके घातले आणि अस्तर परत लावलं. मानेसाठी उपरणं होतंच, ते दोन वेढे देऊन घ्यायचं ठरलं. घालून बघताना ते आरशासमोर वळले आणि म्हणाले, "गोधडी केलीस माझी." पण खूश दिसले. खिडकीत बसल्यावर रस्त्यावरून कसं दिसतं, ते मी स्वतः भाजी आणायच्या निमित्ताने समोरून जाऊन पाहिलं. चांगलं दिसत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा अस्तर उसवून आणखी एक थर द्यावा लागला.

बॅग मी डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी भरली होती. दोन धोतरं, सदरे, पंचा, थर्मास, गाळणं, डॉक्टरांची चिठ्ठी. मला असं अर्धवट काम ठेवता येत नाही. निघायचं ठरलं की शोधाशोध नको. ती बॅग माझ्या पलंगाखाली होती आणि केर काढताना रोज केरसुणीला लागायची.

पौषातली अमावास्या त्या वर्षी शनिवारी आली. ते पंचांगात पाहिल्यावर माझ्या डोक्यात आलं, आणि यांना पटलं. शनिअमावास्येला शिंगणापूरला जाणाऱ्या माणसाला कुणी का जातोस म्हणून विचारत नाही. सासूबाई घरी थांबतील, म्हणजे सगळं घर गेलं असं होणार नाही. आम्ही तिघं भाड्याच्या जीपने निघायचं. बॅग पाटीत, वर तेलाचा डबा, नारळ, रुईच्या पानांची माळ. दर्शन झालं की तिथूनच परस्पर नगर आणि नगरहून पुणे. हे आम्हाला तिथे पोचवून सोमवारच्या आत परतणार. गावात सांगायचं, मालक येताना कोल्हारला व्याह्यांकडे उतरले, चार दिवस हवापालट. चार दिवसांचे आठ होतील, आठाचे पंधरा. तोवर यांची खिडकीत बसायची सवय लोकांना होईल. मी सगळं धरलं होतं. वाटेत गाळलेली पेज कुठे गरम करायची, तेसुद्धा.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि चक्क हो म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला अंगारा लावला.

शिंगणापूरला त्या दिवशी दुष्काळ असूनही गर्दी होती. गावातल्या घरांना दारं नाहीत, तिकडे बघत सासरे जीपमध्ये हळूच म्हणाले, "इथे आपली बँक चालायची नाही. माणसं कशाला घाबरतील?" आम्ही दोघंही हसलो. बरेच दिवसांनी हसलो.

आणि मग जीपमधून उतरल्यावर लक्षात आलं. मी एवढं सगळं धरलं होतं, हे लहानपणापासून तिथे जात आले होते, सासरे तर किती वेळा, आणि तिघांपैकी एकालाही घरी आठवलं नव्हतं. देवाला तेल घालायचं तर पुरुषांनी तिथे आंघोळ करायची आणि ओलेत्याने, उघड्या अंगाने जायचं. कोट काढावा लागणार होता.

समोर आंघोळीच्या जागी माणसं थंडीत कुडकुडत अंगावर पाणी घेत होती. त्यांच्यातून एक माणूस ओल्या पंचानिशी आमच्याकडे आला. आमच्या बाजारतळावर दर सोमवारी दोर, कासरे, मुसक्या मांडणारा. बँकेत त्याचं खातं त्याच्या बापापासूनचं.

"आरं! मालक! तुमी हितं?" तो दात वाजवत हसला. "बँकंत कोन बसलंय मग, शनिदेव?"

सासऱ्यांनी नेहमीसारखे हात जोडले. बोलायचं काम यांनी उचललं. "आज अर्धा दिवस आहे बँक. म्हटलं, मालकांना दर्शन घडवावं."

"मंग चला की, मालक. पानी लई गार हाय, पर एकदा घेतलं की काय न्हाई वाटत. काढा कोट, मी धरतो."

त्याने खरंच हात पुढे केला. सासरे तसेच उभे. माझ्या हातात रुईची माळ होती, ती मी नुसतीच चाचपत राहिले.

"त्यांना पडसं झालंय," हे म्हणाले. "मीच घालतो तेल."

दोरवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं. मग त्याचं हसणं कमी झालं, पण गेलं नाही. "व्हय, घसा बसलाय म्हनत हुते बाजारात. ऱ्हाऊ द्या, मालक. धाकले मालक घालत्यात, आन् तुमच्या नावानं मीबी एक धार घालतो. तुमी हितंच उनात बसा. ताई, मालकांस्नी त्या दगडावर बसवा, तिथं वारा न्हाई."

तो गेला. त्याने खरंच तेल घातलं असणार, तसा माणूस होता. आम्ही सासऱ्यांना उन्हात बसवलं. हे आंघोळ करून दर्शन घेऊन आले, आम्ही जीपमध्ये बसलो.

फाट्यावर एक रस्ता नगरला जातो, दुसरा आमच्याकडे. सासऱ्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या बाजूला बोट केलं.

"बाबा, पुणे..." हे म्हणाले.

"तो दोरवाला सोमवारी बाजारात असेल." एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता. "मालक शिंगणापूरला आले आणि तेल न घालता बसून राहिले, एवढं तो सांगणारच. ते एक. आणि सोमवारी मी खिडकीत नाही. ते दुसरं. दोन्ही एकत्र झालं की रांग."

"लागू दे रांग."

"तू ती पाहिलेली नाहीस."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मामंजी, बॅग मागे आहे. सगळं भरलेलं आहे. नुसतं सरळ जायचंय." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि पुन्हा आमच्या गावाकडे बोट केलं. ड्रायव्हर मालकांचं ऐकणार, आमचं नाही.

सोमवारी ते खिडकीत होते. दोरवाला बाजारतळाकडे जाताना समोरून गेला, त्याने रामराम केला, सासऱ्यांनी हात जोडले. तो थांबला नाही की काही बोलला नाही. वर आल्यावर सासऱ्यांनी दगडी पाटीवर लिहिलं, 'निभावलं.' तोवर घरात ते बोलण्याऐवजी पाटीवरच लिहायला लागले होते.

त्यानंतर पुण्याचं नाव त्यांनी काढू दिलं नाही. नगरचे डॉक्टर खातेदार असल्यासारखे बँकेत येत आणि आतल्या जिन्याने वर चढत. कॅशियर जुना माणूस, त्याला माहीत होतं. तो मालकांच्या खुर्चीशेजारी उगाच उभा राहून मोठ्याने बोलायचा, म्हणजे मालकांना बोलावं लागू नये. चैत्र आला, वैशाख आला. ऊन असं की पेठेतले कुत्रेसुद्धा गटारीच्या कडेला पडून. आणि सासरे त्या खिडकीत, कापसाच्या कोटात, मानेला उपरणं. दुपारी वर आले की मी कोट काढून घेई. अस्तर भिजून जड झालेलं असे. मी तो गच्चीवर पसरी आणि दुसऱ्या सकाळी, वाळला असेल नसेल, परत त्यांच्या अंगावर चढवी.

ते वैशाखातच गेले. रविवारी सकाळी, वरच्या खोलीत. सासूबाईंनी आधी उठून रस्त्याकडची खिडकी लावली. मग त्यांच्या उपरण्याचं टोक तोंडात धरलं आणि रडल्या. आमचं सगळ्यांचं रडणं तसंच झालं, कापडात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांचं सगळं अंग हलत होतं आणि आवाज म्हणाल तर काही नाही.

दुपारी गाव स्मशानात आलं. गावात सगळ्यांना कळलं, पण आजूबाजूच्या खेड्यांत कळायला रात्र गेली. दुसरा दिवस सोमवार, बाजाराचा.

"बँक उघडायची," सासूबाई म्हणाल्या. यांना सुतक, डोळे सुजलेले. "जा. खुर्चीत बस."

कॅशियरने पहाटेच नगरला माणूस पिटाळून रक्कम मागवून ठेवली होती. बँक उघडायच्या आधी मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. रांग होती. देवळापर्यंत. आजेसासऱ्यांच्या गोष्टीतली रांग मी पहिल्यांदाच बघत होते. मुंडासी, टोप्या, पदर, बाजाराच्या पिशव्या. कुणी बोलत नव्हतं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, दाराआड उभी राहिले. तिथून आतलं दिसायचं आणि ऐकू यायचं.

दार उघडलं. पहिला आत आला तो दोरवाला. कॅशियरने न विचारता स्लिप पुढे सरकवली. त्याने ती बघितलीही नाही. तो खिडकीतल्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"धाकले मालक, लई वंगाळ झालं."

हे मान खाली घालून बसलेले. "किती काढायचेत?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी कोरडा. त्यांना वाटलं असावं, लवकर उरकलं तर बरं.

"काय काढायचं?"

"पैसे."

"पैशाला कोन आलंय!" तो जरा दुखावला. मागे वळून त्याने रांगेकडे हात केला. "ह्ये समदे भेटाया आलेत. काल सांगावा मिळाला न्हाई, मातीला येता आलं न्हाई. आज बाजार हाय तर म्हनलं, बाजार मांडायच्या आदी जाऊन येऊ."

मागची एक बाई, डोक्यावरची पाटी खाली ठेवत म्हणाली, "बसून बसून गेलं मानूस. आजारी आसून रोज बसायचं बाई खिडकीत."

यांनी मान वर केली. "आजारी? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?" दोरवाला म्हणाला. "हात जोडायचे न्हवं मालक सगळ्यांस्नी? बाही मागं सरायची. मनगट दिसायचं की. दिवाळीपास्नं बघतुय आमी. कोट भरला व्हता तुमी, पर मनगट कसं भरनार?"

"मग... कुणी काही बोलला नाहीत?"

"कसं बोलावं? मालक दडवत हुते, म्हंजी त्येंच्या मनात न्हाई. शिंगनापुरात कोट काढना झाले, तवा तर समदंच कळलं. बाजारात येऊन सांगितलं समद्यांना. म्हनलं, मालकाच्या म्होरं आजाराचं नाव काढायचं न्हाई. आन् पैशाची लईच नड आसली तरच काढा, न्हाईतर मालकाला वाटंल आपुन भ्यालो."

कॅशियर स्लिपांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभा होता. त्याचे डोळे भरून आले, त्याने चष्मा काढला.

"आमाला वाटलं, तुमी करताय औशदपानी," दोरवाला म्हणाला. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, जसं कुणीही घरचा माणूस विचारेल, "पुन्याला का न्हाई नेलं, धाकले मालक?"

यांनी हात जोडले, वडिलांसारखे.

रांग दुपारपर्यंत चालली. सगळेच काही भेटायला आलेले नव्हते, हेही लिहायला हवं. चार-पाच जणांनी खरंच रक्कम काढली, त्यातला एक तर सगळी. ते मान वर न करता गेले. अफवा पसरली असती तर त्या चार-पाचांचे किती झाले असते, ते मला अजूनही सांगता येत नाही. हे म्हणतात, बाबांचं चुकलं नव्हतं. मी वाद घालत नाही. पण इतक्या वर्षांत या प्रश्नाची एक बाजू मी मनात मांडली की दुसरी आपोआप उभी राहते, आणि दोन्हींच्या मध्ये मामंजी जीपमधून बोट करतात.

मी वर जाऊन सासूबाईंना खालचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो, आई."

"दिवाळीपासून?"

"हो."

त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हात कोट घालायचे गं ते." बाकी काही नाही. बँकेबद्दल नाही, पुण्याबद्दल नाही. "एवढ्या उन्हात." आणि तेव्हा त्या आवाज काढून रडल्या. खिडकी उघडी होती. मी उठून ती लावली नाही.

तेरावं झाल्यावर मी कोट उसवला. कापूस घामाने घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या, उशीतही घालता आला नसता. परसात खड्डा करून पुरला. कोट धुतला, इस्त्री केली आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून दोरवाल्याला दिला. तो नको नको म्हणाला, मग घेतला. थंडीतल्या सोमवारी तो घालून खिडकीसमोरून जायचा, तेव्हा हे काहीतरी शोधायला टेबलाचा खण उघडायचे.

त्या वर्षी पाऊस झाला. पिकं उभी राहिली. लोक सावरले.

दिवाळीनंतर सासूबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. नगरलाही झालं असतं. त्या म्हणाल्या, पुण्याला जायचं. मी बॅग शोधायला वाकले तर ती पलंगाखाली तशीच होती, भरलेली. शिंगणापूरहून परत आणून ठेवली ती कुणी उघडलीच नव्हती. सासूबाईंनी ती स्वतः रिकामी केली. एकेक धोतर काढून, हात फिरवून कपाटात ठेवलं. मग त्याच बॅगेत स्वतःची लुगडी भरली.

सकाळी मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "बॅग गड्याबरोबर पुढे पाठवते."

"नको. मी घेते."

भर सकाळी, दुकानं उघडलेली असताना, त्या समोरच्या दाराने बाहेर पडल्या. बॅग त्यांच्या हातात. मी एका बाजूने धरायला गेले तर त्यांनी धरू दिली नाही. आम्ही पेठेतून चालत निघालो. यांना खिडकीतून दिसत होतं, पण ते उठले नाहीत.

"कुठं निघाला, वहिनी?" भांड्यांच्या दुकानातून कुणी विचारलं.

"पुण्याला."

"काय विशेष?"

"डोळा दाखवायला. कापायचाय."

"जपून हं."

"हो."

पुढच्या ओट्यावर पुन्हा तेच. पुण्याला. डोळा कापायचाय. महिनाभर राहू. ज्याने विचारलं त्याला त्यांनी थांबून, बॅग खाली न ठेवता सांगितलं, आणि ज्याने विचारलं नाही त्याच्याकडे विचारेल म्हणून पाहिलं. कुणी ओट्यावरून उतरलं नाही. कुणी पावती शोधायला घरात पळालं नाही. एका बाईने वाटेत खायला पेरू दिले.

स्टँड तसा जवळच आहे. पुण्याची गाडी लागलेली होती. त्या खिडकीजवळ बसल्या, बॅग मांडीवर घेतली आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"एवढंच होतं गं," त्या म्हणाल्या.

कंडक्टर आला. मी तिकिटं काढली.